चाप

रंगाचे डबे आणि कुत्र्यांच्या खाण्याची पोती
यांच्या मधल्या रॅकवरून उचलली होती ती,
तीनशे एकोणतीस डॉलरला,
वर दुर्बीण फुकट.
दस्ता प्लास्टिकचा, आतून पोकळ,
टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखा बोलायचा.
आणि चाप असा, की ओढता ओढता
माणसाला आपली सगळी देणी आठवावीत.

दस्ता आणि चाप मागवले त्या रात्री
अर्लीन हिशोबाच्या वहीतून वर बघत म्हणाली,
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
मी वाद घातला नाही.
सव्वीस वर्षं लाकूडगिरणीत काढलेल्या माणसाने
प्लास्टिकला गाल लावायचा म्हणजे काय,
एवढंच पुटपुटलो.

अक्रोडाचा दस्ता खोक्यातून निघाला तो कोराच.
तीन आठवडे, पाळी सुटली की गॅरेजमध्ये.
आधी खरखरीत कागद, मग मऊ, मग त्याहून मऊ.
पोलादाला काजळी फासून खाचेत बसवायचं, उचलायचं,
जिथे काळं उमटेल तिथलाच पापुद्रा पटाशीने काढायचा,
पुन्हा बसवायचं.
मग जवसाचं तेल, नुसत्या तळहाताने,
लाकूड ऊबदार होईपर्यंत.
शेवटी नळीखालून डॉलरची नोट सरकवून पाहिली,
कुठेही न अडता आरपार आली.
या सगळ्या खर्चात
परत आलेली ती एकच नोट.

चाप अडीच पौंडांचा.
बोटाला विचार सुचायच्या आत सुटणारा.

बजरीच्या खाणीत ऑर्विन वाट बघत होता,
दातात काडी, दोन्ही कानांत यंत्रं.
शंभर यार्डांवर पुठ्ठा.
पहिली गोळी डावीकडे, खाली.
दुसरी तिथेच.
तिसरी तिथेच.
जुना दस्ता मारायचा अगदी तिथेच.

दे इकडे, मी भरतो, ऑर्विन म्हणाला,
आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.
बंदूक परत हातात. श्वास. अर्धा सोडला. ओढलं.

टिक.

आत गोळी नव्हती, नुसतं रिकामं काडतूस,
आणि तरीही नळीने
कोंबडीने दाणा टिपावा तशी मान खाली घातली.

तो हसला असता तर बरं झालं असतं.
काडी या गालातून त्या गालात नेत म्हणाला,
अंगण तर आता सरळ केलंस.

गेल्या नोव्हेंबरात तामारॅकच्या पिवळ्या सुया
बर्फावर सांडल्या होत्या, त्यांच्यात ती हरणी.
लाल थेंब ओढ्यापर्यंत दिसत गेले.
ओढ्यापलीकडे काही नव्हतं.
टॉर्चची बॅटरी संपेपर्यंत फिरलो, मग घरी आलो.
गिरणीत सांगितलं, चाप जड.
चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, चाप जड.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
स्वस्त वस्तूचं हे एक बरं असतं,
तिच्यावर काहीही घाला,
ती निमूट वाहते.

बंदुकीचा चाप हलका झाला
आणि माझ्या सबबींना चाप बसला.
यासाठीही मीच पैसे मोजले.

शनिवारी हंगाम उघडला.
पहाटेपासून ट्रकांचे दिवे आमच्या खिडकीवरून
डोंगराकडे सरकत गेले.
मी स्वयंपाकघरात.
बंदूक रिकामी, दोनदा तपासलेली,
तिसऱ्यांदा अर्लीनने, स्वतःची करंगळी आत घालून.
भिंतीवरल्या खिळ्यावर नेम,
नळीच्या टोकावर दहा सेंटचं नाणं.
ते हलता कामा नये, एवढाच खेळ.

जुना दस्ता टोमॅटोच्या वाफ्यात रोवलेला आहे,
सुकलेली वेल अजून त्याला बिलगून.
उन्हाळाभर त्याने ओझं
जराही न डगमगता पेललं,
हे मला बघवत नाही.

टिक.

पडलं, अर्लीन म्हणते,
बटाट्यावरून नजर न काढता.
मी खाली वाकून
टेबलाखाली नाणं शोधतो.